पाचव्या दिवसाच्या दोन बाटल्या

यादगिरीकाका,

परवा तुमचा दहावा झाला. भवानी पेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती, म्हणून निम्मी बाहेर गल्लीत सतरंजीवर बसली होती. मी आत होते, तुमच्या फोटोसमोर. फोटोत तुम्ही कोट घातलाय, पण आपल्या प्रयोगशाळेतला पांढरा नव्हे, कुणाच्या तरी लग्नातला काळा. ओळखूच येत नव्हतात. एवढी वर्षं पांढऱ्या कोटात वावरलात आणि त्या कोटातला तुमचा एकही फोटो आम्ही कुणी काढला नाही. ह्या 'आम्ही'त सगळ्यात आधी मी येते.

खरं सांगते, मी तिथं रडायला आले नव्हते. एक वाक्य परत घ्यायला आले होते. बारा वर्षांपूर्वी मी ते तुम्हाला अकरा माणसांसमोर बोलले होते आणि मग माफीचं रोज उद्यावर ढकलत गेले. तुम्ही निवृत्त झालात, तुमच्या सुजाताचं लग्न झालं, माझे केस पिकायला लागले, तरी ते वाक्य तिथंच. आणि एक दिवस सकाळचा चहा पिता पिता तुम्ही बसल्या जागी गेलात. सुजाताचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? 'अरे देवा, राहिलंच की!' दुःख त्याच्या मागून आलं. आता तुम्ही म्हणाल, मॅडम, तुमचं कायम उलटंच. असू दे.

मी केम गावची. पीएचडी करायला सोलापुरात आले तेव्हा माझा विषय घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग, त्याचे प्रकार वेगवेगळे, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशींना सारखाच किरणोत्सर्ग दिला तर कोणती पेशी कशी वागते, हे बघायचं. वडील सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजी पेशीस्नी ऊन दाखवायचं व्हय?" मी व्हय म्हणून मोकळी झाले. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचारलेत आणि त्यातल्या दोनांची उत्तरं मला आली नाहीत.

तुम्ही प्रयोगशाळेतले मदतनीस. त्याआधी चादरीच्या कारखान्यात डाईंगला होतात, सूत रंगवायला. कारखाना बंद पडला आणि तुम्ही आमच्याकडे बाटल्या धुवायला लागलात. मी येईपर्यंत पेशी वाढवणं, त्यांचं खाणं बदलणं, मोजणं, सगळं बघून बघून शिकला होतात. कागदावरचं पद मात्र बाटल्या धुण्याचंच राहिलं.

आपल्याकडे किरण द्यायचं यंत्र नव्हतं. शहरातल्या एका इस्पितळात दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास यंत्र मोकळं असायचं, तेवढा वेळ आपला. थर्माकोलच्या डब्यात बाटल्या घालायच्या आणि रिक्षाने निघायचं. मे महिन्यात पेशींना सदतीस अंशांवर जपायचं म्हणजे गार ठेवायचं, हे फक्त सोलापुरातच होत असेल. पहिल्याच फेरीला आपलं वाजलं. प्रत्येक प्रकारच्या दोन बाटल्या असायच्या, एक किरण द्यायची आणि एक बिनकिरणांची, तुलनेसाठी. तिला आम्ही कंट्रोल म्हणायचो, तुम्ही 'सोबतची' म्हणायचात. मी म्हटलं, सोबतच्या इथंच राहू देत.

"न्हाय मॅडम. त्या बी येणार."

"त्यांना किरण द्यायचेच नाहीत, मग हिंडवायच्या कशाला?"

"किरण न्हाय, पर रिक्षा तर लागली पायजे की. ऊन लागलं पायजे, धक्के बसले पायजेत. न्हायतर उद्या मेल्या तर कशानं मेल्या म्हणणार? किरणानं का रिक्षानं?"

हे माझ्या पुस्तकातही होतं, मी वाचलंही होतं. फक्त पुस्तकात रिक्षा नव्हती. त्या दिवसापासून तीन बाटल्यांबरोबर त्यांच्या तीन सोबतिणी निघाल्या. मी यंत्राच्या खोलीत जायचे आणि तुम्ही सोबतिणींचा डबा मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसायचात, पेशंटच्या नातेवाइकांमध्ये. कुणीतरी विचारायचंच, "मामा, डब्यात काय हाय?" तुम्ही झाकण न काढता सांगायचात, "पेशी हायत. पर ह्यांना किरण न्हाय द्यायचे. आत गेल्यात त्यांच्यासोबत आल्यात नुसत्या. तुमच्यासारखं." एकदा दुधनीकडची एक बाई हे ऐकून पदर तोंडाला लावून हसत सुटली आणि शेजारी बसलेला तिचा आजारी नवराही हसायला लागला. मी बाहेर आले आणि तुम्हाला बाजूला घेऊन झापलं, पेशंटच्या माणसांशी असलं काही बोलत जाऊ नका म्हणून. तुम्ही म्हणालात, "मघापासनं रडत व्हती मॅडम ती." मी रिक्षाला हात केला. 

आणि तुमचं मोजणं! पेशींत निळा रंग मिसळायचा. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, मेलेली देते. सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेली काच ठेवायची, पांढऱ्या चकाकतात त्या जिवंत, निळ्या दिसतात त्या मेलेल्या. "रंग धरला की गेली," डाईंगवाल्याच्या तोऱ्यात तुम्ही नव्या मुलांना सांगायचात. आम्ही दोन हातांत दोन काउंटर घेऊन टिकटिक करायचो आणि शंभराच्या आसपास हमखास गोंधळायचो. तुम्ही काउंटरला हातसुद्धा लावला नाहीत. जिवंत तेलुगूत मोजायचात, मेलेल्या मराठीत. ओकटी, रेंडु, एक, मूडु, नालुगु, दोन, ऐदु. दोन्ही रांगा एकाच तोंडातून निघायच्या आणि कधी एकमेकींत मिसळल्या नाहीत.

"मेलेल्या मराठीत का हो काका? आमची मराठी काय मेलेल्यांसाठी आहे?" मी मुद्दाम खोचून विचारलं होतं.

"तसं न्हाय मॅडम. तेलुगू घरातली हाय. घरातल्याला जित्तंच मोजायचं."

महिन्याभरात तुम्ही तिन्ही प्रकारच्या पेशींचे स्वभाव ठरवून टाकलेत. पहिल्या होत्या टी-पेशींच्या ल्युकेमियातल्या. किरण लागले की ह्या काही तासांत आवरतं घ्यायला लागायच्या. आक्रसायच्या, अंगावर बुडबुडे यायचे, तुकडे व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर काचेवर निळंच निळं. "ह्या लई मनाला लावून घेतात," हे तुमचं मत. आपल्या आतली मोडतोड पेशीला कळते आणि ती स्वतःच स्वतःला संपवते, हे मी फळ्यावर चित्रं काढून तुम्हाला समजावलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे तेच की." दुसऱ्या होत्या मज्जेच्या तीव्र ल्युकेमियातल्या. त्या मध्यम, डोस वाढवला की ऐकणाऱ्या. तिसऱ्याही मज्जेच्याच, पण जुनाट ल्युकेमिया शेवटी भडकतो त्या अवस्थेतल्या. ह्यांना मोठ्यातला मोठा डोस दिला तरी दोन दिवसांनी काही झाल्याचं दिसेना. पांढऱ्या, चकचकीत, उलट आणखी फुगलेल्या. त्यांना तुम्ही 'निबर' म्हणायचात.

मला त्या निबर पेशींनी वेड लावलं. सोमवारी किरण दिले, मंगळवारी मोजलं, बुधवारी मोजलं, आकडा हललेला नाही. मी वहीत ठसठशीत लिहिलं, 'ह्या पेशी किरणांना दाद देत नाहीत.' पीएचडीला एक तरी ठाम वाक्य लागतं, ते मला मिळालं होतं. त्या आनंदात तुम्हाला म्हटलं, काका, तिसऱ्या जोडीतल्या बाटल्या ब्लीच घालून ओतून टाका, उगाच जागा अडते. आणि मी आलेख काढायला बसले.

शनिवारी प्रयोगशाळेची बैठक होती. माझे मार्गदर्शक सर होते, बाहेरगावचे दोन प्राध्यापक होते, आम्ही विद्यार्थी होतो. माझ्यासमोर अकरा माणसं होती, ती मी नंतर मनात कितीतरी वेळा मोजली आहेत. भिंतीवर माझा आलेख. पहिल्या पेशींची रेघ धाडकन खाली, दुसऱ्यांची उतरती, तिसऱ्यांची सरळ आडवी. सर मान डोलावत होते. सर सहसा कुणासाठी मान डोलवायचे नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. तेवढ्यात दारात तुम्ही उभे. दोन हातांत दोन बाटल्या.

"मॅडम, ही मेली की."

मला आधी कळलंच नाही, कोण मेली.

"निबर मेली. तिसरी."

"त्या बुधवारी ओतायला सांगितल्या होत्या ना?"

तुम्ही हातातल्या बाटल्यांकडे बघितलंत. पाहुण्यांपैकी एकजण खुर्चीत पुढं सरकले. मी सावरून घेतलं. "काका, पाच दिवस खाणं न बदलता ठेवल्या तर मरणारच ना त्या. त्याला किरण कशाला लागतात?" दोघं-तिघं हसले. मला वाटलं, मिटलं.

तुम्ही डावा हात वर केलात. "ही सोबतची. ही बी पाच दिवस तशीच ऱ्हायली हाय."

शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं. पेशी ज्या द्रवात वाढवतात तो मुळात लालसर असतो. पेशी जगल्या, वाढल्या, दाटीवाटीने राहायला लागल्या की तो पिवळा पडतो. तुमच्या डाव्या हातातली बाटली हळदीच्या पाण्यासारखी पिवळी आणि गढूळ होती. उजव्या हातातली पहिल्या दिवसासारखीच लाल, आणि तळाशी धुळीसारखं काहीतरी. दोघींना रिक्षा सारखी लागलेली, ऊन सारखं, पाच दिवसांची उपासमारही सारखी. फरक फक्त किरणांचा. अख्खी खोली माझ्या आलेखाकडे पाठ करून त्या दोन बाटल्यांकडे बघायला लागली.  आणि उत्तर नसलं की माझ्यातलं केम जागं होतं.

"तुमाला बाटल्या धुवायला ठिवलंय, डोकं चालवायला न्हाय!"

काका, हेच ते वाक्य. 

तुम्ही दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्यात. अगदी सावकाश, तळाचा गाळ हलू नये म्हणून. माझ्यावर चिडून आपटल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग तुम्ही गेलात. सर एवढंच म्हणाले, "जा, बघून ये."

मी बघून आले. त्या निबर पेशी आता अवाढव्य झाल्या होत्या, एकेकीच्या पोटात दोन-दोन, चार-चार केंद्रकं, अर्धवट फाटलेली, आणि जिकडं तिकडं निळं. तुम्ही आधीच मोजून कागद सूक्ष्मदर्शकाखाली दाबून ठेवला होता. तीनदा मोजलं होतंत. मी मोजलं, माझा आकडा तुमच्या आकड्याला जाऊन भिडला.

ह्या पेशींमध्ये मोडतोड तपासणारा पहारेकरीच नसतो. किरणांनी आतला धागा तुटलेला असतो, पण त्यांना थांबवणारं कुणी नसल्यामुळं त्या तशाच पुढं रेटतात, फुगतात, आणि दोन पेशी व्हायला जातात तेव्हा मरतात. पहिले दोन दिवस बघणाऱ्याला वाटतं, हिला काही झालंच नाही. जगाला हे आधीच माहीत होतं. मीही परीक्षेपुरतं वाचलं होतं. पण 'अजून मेली नाही' आणि 'टिकली' ह्या दोन गोष्टी मी एकच धरून चालले होते. अस्थिमज्जा बदलण्याआधी काही पेशंटना अख्ख्या अंगावर किरण देतात, उरलेल्या कर्करोगाच्या पेशी जाव्यात म्हणून. अशा पेशींना किरणांचा उपयोग नाही, असं मी छातीठोकपणे छापणार होते. माझा प्रबंध वाचून कुणी डॉक्टर उपचार बदलणार नव्हता, एवढी मी मोठी नाही. पण एक खोटी गोष्ट माझ्या नावानं कपाटात उभी राहिली असती.

सगळे प्रयोग पुन्हा केले, चौदाव्या दिवसापर्यंत मोजत गेले. आभाराच्या पानावर तुमचं नाव घातलं, 'प्रयोगशाळेतील सहकार्याबद्दल', ग्रंथालयाच्या खालोखाल. ते पान परवा काढून बघितलं आणि मला माझीच कीव आली.

तुम्ही फुगला असता तर मी मनवलं असतं. सोमवारी तुम्ही नेहमीसारखे आलात, "मॅडम, च्या सांगू का?" म्हणालात आणि दुपारी सोबतच्या बाटल्या मांडीवर घेऊन रिक्षात बसलात. मी म्हटलं, विसरले असतील. मग म्हटलं, आता विषय काढला तर उगाच खपली निघेल. माणूस स्वतःला किती सबबी पुरवतो! त्याऐवजी मी दुसरंच करायला लागले. शिकवायला लागल्यावर दरवर्षी नव्या मुलांना तुमची गोष्ट सांगायची. आमच्या काकांना संशय आला होता, म्हणून त्यांनी माझं न ऐकता मुद्दाम बाटल्या ठेवून दिल्या, डाईंगवाल्याची नजर ती! मुलं तुमच्याकडे आदराने बघायची आणि तुम्ही घाईघाईने बाटल्या धुवायला निघून जायचात. मला वाटायचं, केवढा विनय. गोष्टीतलं माझं वाक्य मात्र मी गाळायचे.

आपलं एक भांडण तसंच राहिलंय. पुन्हा केलेल्या प्रयोगात, चौदाव्या दिवशी, किरण दिलेल्या निबर बाटलीतल्या मेलेल्या ढिगात चार-दोन पेशी जिवंत सापडल्या होत्या आणि त्यांचं छोटं छोटं बिऱ्हाड झालं होतं. मी म्हटलं, एवढ्या थोड्या धरायच्या नाहीत. तुम्ही म्हणालात, आजार परत येतो तो ह्यांच्यामुळंच की. मी म्हटलं, त्याला वेगळा प्रयोग लागेल. तुम्ही म्हणालात, मग करा की. मी केला, तीनदा केला, आणि त्या चार-दोन का राहतात ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही भेटलात की आधी हेच विचारायचात. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा, अक्षता टाकून झाल्याबरोबर, नवरदेवासमोर: "मॅडम, त्या चार-दोनचं काय झालं?" माझे सासरे अजून विचारतात, कोण चार-दोन?

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी माफी लिहून आणली होती. कागद पर्समध्ये होता. उभी राहिले आणि वक्तशीरपणा, निष्ठा, कष्ट असलं काहीबाही बोलून खाली बसले. "लई छान बोलला," तुम्ही म्हणालात. मागच्या दिवाळीला फराळ घेऊन घरी आले होते, तेव्हा मात्र ठरवूनच आले होते. काकू आत शेंगाची चटणी बांधून देत होत्या. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी बैठकीत मी..." तुम्ही एकदम उठलात. "सोडा ओ मॅडम ते. त्या चार-दोनचं सांगा." इतक्या घाईने विषय बदललात की मला भरून आलं. केवढं मोठं मन, असं घोकत मी घरी गेले.

म्हणून परवा. चारचौघांत बोलले होते, ते चारचौघांतच परत घ्यायचं होतं. विधी आटोपले, पानं वाढायची तयारी चालली होती. मी काकूंना म्हटलं, मला दोन मिनिटं सगळ्यांसमोर बोलायचंय. गल्लीतली माणसंही दारात येऊन उभी राहिली. मी सगळं सांगितलं. बाटल्या, बैठक, आलेख, आणि ते वाक्य, जसं होतं तसं, केमच्या बोलीत. म्हटलं, ह्या माणसानं माझं शिक्षण वाचवलं आणि मी त्याला अकरा जणांत असं बोलले. त्यांनी मुद्दाम त्या बाटल्या ठेवल्या नसत्या तर मी आज खोट्या आकड्यांवर डॉक्टर म्हणून मिरवत असते. मला क्षमा करा. हात जोडले, व्हायचं ते सगळं झालं.

 काकू पदराने डोळे टिपत होत्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "ते मुद्दाम ठिवले नव्हते ओ. विसरले होते."

"काय?"

"बुधवारी दुधनीवरनं फोन आला, माझ्या भैनीच्या घरची वास्तुशांत. रजेची चिठ्ठी ठिवले आन् तसंच निघाले. तितं पंगतीला बसल्यावर आठवलं. अय्यो, बाटल्या! ताटावरचं जेवण गेलं न्हाय त्यांना. शनिवारी सकाळी सहालाच पळाले, मॅडमला कळायच्या आत ओतून टाकतो म्हणून."

तुम्ही ते दोन दिवस रजेवर होतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. बारा वर्षांत मी त्या दोन गोष्टी एकमेकींना लावून बघितल्या नाहीत. आणि मी संशोधक.

"मग ओतल्या का नाहीत?" सुजातानेच विचारलं. तिलाही हे नवीन होतं.

"ओतायच्या आधी एकदा बघितले. सवय. बघतात तर सगळं निळं. सोबतची बघितले, ती जिवंत. घरी आले आन् मला विचारले, आता काय करू? ओतलं तर कुणाला कळणार न्हाय. सांगितलं तर विसरलो ते बी कळणार, बोलणी बसणार. मी म्हणाले, ओता की गुपचूप! कशाला झंझट?"

"मग?"

"माझं कुटं ऐकत होते ते."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. बहुतेक सुजाता. मग दारातली माणसं, मग काकू, आणि मग मी, तुमच्या फोटोसमोर, दहाव्याच्या दिवशी, पोट धरून. काकू हसता हसता सांगत होत्या, "तुमी सगळ्यांना सांगत होत्या, काका लई हुशार, मुद्दाम ठिवले. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सांगतो सांगतो म्हणायचे आन् तुमी आल्या की दुसरंच बोलायचे. म्हणायचे, मॅडमचं एक माज्याकडं हाय, माजं एक मॅडमकडं हाय. फिट्टंफाट." मग मी रडले, काका. दहा दिवसांचं सगळं तिथं रडून घेतलं. काकूंनी पाणी दिलं आणि पहिल्या पंगतीला बसवलं.

म्हणजे दिवाळीत तुम्ही उठून विषय बदललात तो मोठ्या मनानं नव्हे, तुम्हाला स्वतःची चोरी उघडी पडायची भीती होती! मी तुम्हाला चुकवत होते, तुम्ही मला चुकवत होतात, आणि आपण दोघं शहाण्यासारखे त्या चार-दोन पेशींवर बोलत बसायचो. हे कळल्यापासून तुम्ही मला जास्त जवळचे वाटायला लागलात. दूरदृष्टीच्या काकांचा मला जरा धाक होता. हे काका माझ्यासारखेच आहेत, फोन आला की हातातलं काम विसरणारे.

आज माझ्या विद्यार्थिनीबरोबर इस्पितळात गेले होते. ती आत गेली, मी सोबतच्या बाटल्या मांडीवर घेऊन बाकावर बसले. शेजारच्या माणसानं विचारलंच, "डब्यात काय ओ ताई?" मी तुमचं उत्तर दिलं, शब्दन् शब्द. त्याला हसू आलं नाही. तुमच्यासारखं सांगायला मला जमत नसेल. तरी त्यानं डब्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि आपली पिशवी सरकवून डब्याला बाकावर जागा करून दिली. संध्याकाळी मोजायलाही मीच बसले. जिवंत तेलुगूत मोजायला गेले, सुजातानं शिकवलंय. विसाच्या पुढं मला येत नाही, तिथं मराठी मिसळली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

पुढच्या वर्षी नव्या मुलांना गोष्ट खरी सांगणार आहे, माझ्या वाक्यासकट आणि तुमच्या वास्तुशांतीसकट. डाईंगवाल्याच्या नजरेचं नाही सांगणार. शनिवारी सकाळी एका माणसाच्या हातात दोन बाटल्या होत्या, मोरी समोर होती आणि बघायला कुणी नव्हतं, एवढंच सांगेन. त्या चार-दोनचं काही कळलं तर आधी काकूंना येऊन सांगेन.

काका, तुम्ही विसरलात, बरं केलंत. ओतण्याआधी एकदा पाहिलंत, त्याहून बरं केलंत. आणि काकूंचं ऐकलं नाहीत, त्यासाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे.